फार्मव्हिलचं कुलूप

आमच्या उत्तर व्हर्जिनियात चार मराठी घरं जेवायला जमली की आधी घरांचे भाव होतात, मग ग्रीन कार्डाची रांग. आणि त्यातल्या कुणाचं पोर आठवीत असलं की गाडी हमखास ‘टीजे’वर येते. टीजे म्हणजे थॉमस जेफरसन हायस्कूल. फेअरफॅक्स काउंटीची सरकारी, फुकट शाळा, आणि तरीही देशातल्या नामांकित शाळांत वरच्या नंबरावर. पूर्वी तिथे प्रवेश परीक्षा असे. परीक्षेची फी शंभर डॉलर, आणि तयारीचे क्लास वेगळे, कित्येक घरांत ते आठवीच्या बरेच आधीपासून सुरू. ऑक्टोबर २०२० मध्ये काउंटीच्या शाळा मंडळानं परीक्षाच मोडीत काढली आणि डिसेंबरमध्ये प्रत्येक मिडल स्कूलमधल्या वरच्या दीड टक्का मुलांसाठी जागा राखल्या. पुढच्या तुकडीत आशियाई मुलांचं प्रमाण ७३ टक्क्यांवरून ५४ वर आलं. पालक कोर्टात गेले. खाली जिंकले, मे २०२३ मध्ये वर हरले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं प्रकरण ऐकायलाच नकार दिला.

‘‘आमच्या पोरांनी कुणाचं काय घोडं मारलंय?’’ हा तेव्हापासूनचा ठरलेला प्रश्न. ‘‘गुलाम ठेवले गोऱ्यांनी. आपण आलो दोन बॅगा घेऊन. आपल्याला कुणी काय दिलं? मेहनत केली, वर आलो. आणि शाळा पोरांना शिकवतेय की मेहनतीपेक्षा कातडीचा रंग मोठा!’’ या बोलण्यातला राग मला खोटा वाटत नाही. तेरा वर्षांच्या मुलीनं घासून अभ्यास केला आणि ऐनवेळी नियम बदलला, तर तिला इतिहासाची मोठी मोठी कारणं सांगून गप्प बसवणं मलाही जमणार नाही.

आणि राग यायला काही जणांनी खरोखर मदतही केलीय. जुलै २०२० मध्ये वॉशिंग्टनच्या आफ्रिकन-अमेरिकन संग्रहालयाच्या वेबसाइटवर एक तक्ता होता. ‘गोऱ्या संस्कृती’ची लक्षणं म्हणून त्यात स्वावलंबन, कष्ट, वेळ पाळणं, उद्याची तजवीज करणं अशा गोष्टी दिल्या होत्या. ओरड झाली तसा तो काढला. पण या हिशेबानं पहाटे चारला उठून जात्यावर बसणारी माझी आजी पक्की गोरी ठरते!

दुसरी बाजूही काही कमी नाही. १५ जानेवारी २०२२ ला ग्लेन यंगकिन व्हर्जिनियाचे गव्हर्नर झाले आणि पहिल्याच दिवशी त्यांनी शाळांतून ‘फूट पाडणाऱ्या संकल्पना’ हद्दपार करायचा हुकूम काढला. पाठोपाठ पालकांना शिक्षकांच्या तक्रारी कळवण्यासाठी ईमेलचा पत्ताही आला. मुलांनी माणसाला माणूस म्हणून पाहावं, बापजाद्यांच्या पापाचं ओझं वाहू नये, असं त्यामागचं म्हणणं. ऐकायला कुणालाही पटेल असं. फक्त दोन्हीकडच्यांनी मनात एक वाटणी करून टाकलीय: मेहनतीचा धडा एकाकडे, वर्णभेदाचा इतिहास दुसऱ्याकडे.

ही वाटणी कुठे टिकत नसेल तर ती आमच्याच राज्यात, गाडीनं तीनेक तासांवरच्या फार्मव्हिल गावात.

तिथली मोटन हायस्कूल ही काळ्या मुलांची शाळा १९३९ मध्ये बांधली तेव्हा १८० मुलांसाठी होती. १९५१ पर्यंत मुलं साडेचारशेच्या घरात गेली. काउंटीनं नवी इमारत न देता अंगणात डांबरी कागद मारलेल्या खोपट्या उभ्या केल्या. पाऊस आला की छत गळे, थंडीत मुलं कोट घालून वर्गात बसत. बार्बरा जॉन्स तिथे शिकायची. एका सकाळी भावंडांना शाळेला पाठवायच्या धांदलीत तिची बस चुकली. ती रस्त्यात उभी असताना गोऱ्या मुलांची अर्धी रिकामी बस समोरून निघून गेली. तिच्या डोक्यानं घेतलं ते तिथे.

२३ एप्रिल १९५१. हेडमास्तरांना फोन गेला की तुमच्या शाळेतली दोन मुलं बस स्टँडवर लफड्यात सापडलीत, लवकर या. ते गेले. वर्गावर्गांत त्यांच्या नावाची चिठ्ठी फिरली: सगळ्यांनी सभागृहात जमावं. पडदा वर गेला तर समोर सोळा वर्षांची बार्बरा. शिक्षकांना तिनं बाहेर जायला सांगितलं, पायातला बूट काढून बाकावर आपटला, आणि सगळी शाळा संपावर बाहेर काढली. फोन खोटा, चिठ्ठीवरची सही खोटी. आमच्या मराठी शाळेत असं कुणी केलं तर आधी तिच्या आईबाबांना बोलावणं जाईल, हे लिहिताना मला दिसतंय.

पण स्वतःची जबाबदारी स्वतः घेणं याहून वेगळं काय असतं? बापानं सांगितलं नव्हतं. मुलांना हवी होती फक्त धड इमारत. मुलांनी बोलावलेल्या वकिलांनी अट घातली की वेगळी शाळा मागायची असेल तर आम्ही येणार नाही, भेद मोडायचा असेल तरच येऊ. मुलं तयार झाली. तो खटला शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या १९५४ च्या ब्राउन निकालातल्या पाच खटल्यांपैकी एक ठरला.

आता पुढचं ऐका. कोर्टानं गोरी-काळी मुलं एकत्र बसवायला सांगितल्यावर फार्मव्हिलच्या प्रिन्स एडवर्ड काउंटीनं १९५९ मध्ये सगळ्या सरकारी शाळांना टाळं ठोकलं. गोऱ्या मुलांसाठी खासगी अकादमी निघाली, काही काळ सरकारी पैशाच्या टेकूवर. काळी मुलं पाच वर्षांतली बहुतेक घरीच राहिली. ज्यांना जमलं त्यांनी पोरं नातेवाइकांकडे परगावी धाडली. कुलूप निघालं ते १९६४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर. टाळं लागलं तेव्हा सहा वर्षांच्या असलेल्या पोराला कुठली मेहनत सांगणार आपण? आणि याच काळात राज्याच्या शालेय पुस्तकांत धडा होता की गुलाम एकंदरीत सुखात होते. १९५७ साली आलेली ती पुस्तकं सत्तरीच्या दशकापर्यंत चालली. फूट पडू नये म्हणून इतिहास गोड करायचा प्रयोग व्हर्जिनियानं एकदा करून पाहिलाय.

आजच्या चौथीत हे टाळं शिकवतात. माझी मुलगी शाळेतून आली ती अपराधी चेहऱ्यानं नव्हे. ‘‘मग ती मुलं दिवसभर करायची काय?’’ एवढंच तिनं विचारलं. अपराधी वाटण्याची भीती पोरांना नसते, ती आपल्यालाच असते.

कारण ‘आपल्याला कुणी काय दिलं’ याचं उत्तर अडचणीचं आहे. १९४६ पासून भारतीयांसाठी अमेरिकेचा कोटा वर्षाला शंभर माणसांचा होता. ते दार १९६५ च्या स्थलांतर कायद्यानं उघडलं, म्हणजे नागरी हक्कांच्या कायद्याच्या पुढच्याच वर्षी, त्याच चळवळीच्या हवेत. दोन बॅगांत आपली इंजिनियरिंगची डिग्रीही होती, आणि कित्येकांची ती सरकारी, स्वस्त फीत झालेली. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामी मोडणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. त्यांना इथली गोष्ट परकी वाटली नव्हती. आपल्याला मात्र वाटते. २००५-०६ मध्ये कॅलिफोर्नियात सहावीच्या पुस्तकांचा वाद झाला तेव्हा जातीबद्दलचा मजकूर सौम्य करा म्हणून अर्ज करणाऱ्या हिंदू संघटनांचंही एक म्हणणं हेच होतं, वर्गात आमच्या मुलांना खाली मान घालावी लागते. दलित संघटनांनी त्याला विरोध केला होता. आमच्या मुलांना शाळा अपराधी वाटायला लावते, ही गोऱ्या पालकांची तक्रार आपल्याला इतकी ओळखीची का वाटते, ते तिथे कळतं.

मग टीजेचं काय? परीक्षा परत आणा, असं माझं मत आहे; पण फी नको, आणि तयारी प्रत्येक मिडल स्कूलमध्ये फुकट हवी. क्लासला पैसे भरता येणं ही मेहनत नव्हे. यावर जेवणाच्या टेबलावर दोन्हीकडचे माझ्यावर नाराज आहेत.

आमच्या रविवारच्या मराठी शाळेत मोठ्या मुलांची सहल असते, दरवर्षी बहुतेक विल्यम्सबर्गला. यंदा मी फार्मव्हिल सुचवलं. मोटन शाळेत आता संग्रहालय आहे. ‘‘कशाला उगाच पोरांच्या डोक्यात भरवायचं?’’ असं एक काका म्हणाले, आणि त्यांनीच सगळ्यांत आधी नाव दिलं. एका आईनं विचारलं, कॉलेजच्या अर्जात हे लिहिता येईल का? येईल की, म्हटलं. मग तिनं दोन्ही मुलांची नावं घातली.