एकच विक्रम तीनदा मोडला जातो तेव्हा

१/ २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, अवघ्या अठरा दिवसांत, आयोवा विद्यापीठाच्या केटलिन क्लार्कने अमेरिकी महाविद्यालयीन बास्केटबॉलमधील ‘सर्वाधिक गुणांचा’ विक्रम तीनदा मोडला. सर्वाधिक म्हणजे सर्वाधिक. त्याला तीन पायऱ्या असण्याचे कारण नाही. मग हे घडले कसे? या प्रश्नाच्या उत्तरात महिलांच्या खेळाचा अर्धशतकाचा इतिहास दडलेला आहे. हा धागा त्या हंगामाविषयी आणि त्या इतिहासाविषयी.

२/ आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेतील विद्यापीठे ‘कॉन्फरन्स’ नावाच्या गटांत विभागून आपसांत खेळतात. १८९६ मध्ये स्थापन झालेली बिग टेन ही त्यांतील सर्वांत जुन्या आणि बलाढ्य कॉन्फरन्सपैकी एक. नाव ‘दहा’चे असले तरी २०२३-२४ मध्ये तिच्यात १४ विद्यापीठे होती. प्रत्येक महिला संघाने १८ साखळी सामने खेळावयाचे, नंतर कॉन्फरन्सची बाद फेरीची स्पर्धा, आणि निवड झाल्यास मार्चमधील राष्ट्रीय स्पर्धा, असा क्रम असतो.

३/ हंगामाची चाहूल १५ ऑक्टोबर २०२३ रोजीच लागली. आयोवाने डीपॉल विद्यापीठाविरुद्धचा सरावसामना किनिक स्टेडियममध्ये, म्हणजे फुटबॉलच्या उघड्या मैदानावर, लाकडी कोर्ट अंथरून भरवला. प्रेक्षक आले ५५,६४६. महिलांच्या बास्केटबॉल सामन्याला इतकी गर्दी पूर्वी कधी नोंदली गेली नव्हती. आणि या सामन्याचा निकाल तर कोणत्याही गुणतक्त्यात धरला जाणार नव्हता.

४/ पुढे हा हंगाम ‘क्लार्कचा हंगाम’ म्हणूनच सांगितला गेला. ते पूर्ण सत्य नव्हे. साखळीचे विजेतेपद आयोवाने नव्हे, तर ओहायो स्टेटने १६ विजय आणि २ पराभवांसह मिळवले. २१ जानेवारीला कोलंबस येथे ओहायो स्टेटने आयोवाला जादा वेळेत १००-९२ असे हरवले. ११ फेब्रुवारीला नेब्रास्काने ८२-७९ आणि २२ फेब्रुवारीला इंडियानाने ८६-६९ अशी मात केली. मिनियापोलिस येथील बाद फेरीची स्पर्धा मात्र आयोवाने जिंकली. तीही नेब्रास्काविरुद्ध, जादा वेळेत, ९४-८९ अशी. एकटी खेळाडू कितीही थोर असली तरी चुरशीला तुल्यबळ प्रतिस्पर्धी लागतात. बिग टेनमध्ये ते होते.

५/ आता ते तीन दिवस. १५ फेब्रुवारी : मिशिगनविरुद्ध सामना सुरू होऊन दोन-सव्वादोन मिनिटेच झाली असताना क्लार्कने केल्सी प्लमचा ३,५२७ गुणांचा विक्रम ओलांडला आणि त्या सामन्यात ४९ गुण केले. २८ फेब्रुवारी : मिनेसोटाविरुद्ध तिने लिनेट वुडार्ड यांचे ३,६४९ गुण मागे टाकले. ३ मार्च : ओहायो स्टेटविरुद्ध, पूर्वार्ध संपता संपता मिळालेल्या फ्री थ्रोवर, तिने पीट मॅराविचचा ३,६६७ गुणांचा पुरुषांचा विक्रम ओलांडला.

६/ पुरुषांचा आणि महिलांचा विक्रम वेगळा, हे समजण्याजोगे आहे. परंतु महिलांचेच दोन विक्रम कसे? ३,६४९ हा आकडा १९८१ पासून अस्तित्वात असताना ३,५२७ हा ‘सर्वाधिक’ ठरला कसा? ज्या आकड्याला सर्वोच्च म्हटले जात होते त्याच्याहून १२२ गुणांनी मोठा आकडा छत्तीस वर्षे जुना होता. तो गणतीत नव्हता, एवढेच.

७/ लिनेट वुडार्ड १९७७ ते १९८१ या काळात कॅन्सस विद्यापीठाकडून खेळल्या. बास्केटबॉलचे जनक जेम्स नेस्मिथ यांनी ज्या विद्यापीठात दीर्घकाळ अध्यापन केले, तेच हे विद्यापीठ. पुढे १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या अमेरिकी संघाच्या त्या कर्णधार होत्या. १९८५ मध्ये हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या विख्यात संघात निवडल्या गेलेल्या त्या पहिल्या महिला. म्हणजे विस्मृतीत जावे असे हे नाव नव्हते. विस्मृतीत गेला तो त्यांचा आकडा.

८/ याचे कारण संस्थात्मक होते. वुडार्ड खेळत होत्या तेव्हा महिलांच्या महाविद्यालयीन खेळांचे नियमन एनसीएए ही संस्था करतच नव्हती. ते काम एआयएडब्ल्यू ही, महिला क्रीडाशिक्षकांनी उभारलेली आणि चालवलेली, संघटना करीत होती. १९७१ मध्ये ती स्थापन झाली. १९७२ मध्ये शिक्षणात लिंगभेदाला मनाई करणारा ‘टायटल नाइन’ हा कायदा आला आणि विद्यापीठांना मुलींच्या खेळांकडे पाठ फिरवणे अवघड झाले. त्या पहिल्या दशकात राष्ट्रीय स्पर्धा भरवल्या त्या एआयएडब्ल्यूनेच.

९/ एनसीएएची भूमिका त्या काळात काय होती? खेळांना टायटल नाइन लागू होण्यास तिचा विरोध होता. १९७६ मध्ये तिने त्या नियमांविरुद्ध न्यायालयात दावाही दाखल केला. तो टिकला नाही. मग धोरण पालटले : जे रोखता आले नाही ते ताब्यात घ्यावे. १९८२ मध्ये एनसीएएने महिलांची स्वतःची राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली. त्या एका वर्षी दोन विजेते झाले : एआयएडब्ल्यूचा रटगर्स आणि एनसीएएचा लुइझियाना टेक. पैसा आणि दूरचित्रवाणी ज्या बाजूला, तिकडे विद्यापीठे गेली. एआयएडब्ल्यूने मक्तेदारीविरोधी दावा लावला. तो ती हरली आणि संघटना बंद पडली.

१०/ सत्तांतर झाले की नवा कारभारी जुनी दप्तरे आपल्याकडे घेतो, निदान जपून ठेवतो. येथे कारभार घेतला गेला. दप्तर मात्र बाहेरच राहिले. एनसीएएच्या विक्रमपुस्तकात महिलांचा इतिहास १९८२ पासून सुरू झाला. त्यापूर्वी ज्या खेळल्या, त्या त्या पुस्तकापुरत्या खेळल्याच नाहीत. म्हणून २०१७ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या केल्सी प्लमला महिलांमधील सर्वाधिक गुणांचा मान मिळाला. यात प्लमचा दोष कणभरही नाही. तिला जे शिखर दाखवले गेले ते तिने सर केले.

११/ या दप्तरबंदीचे समर्थन करताना ‘काळ वेगळा, परिस्थिती वेगळी’ असे म्हटले जाते. परिस्थिती वेगळी होती, हे खरे. वुडार्ड पुरुषांच्या आकाराच्या चेंडूने खेळल्या. महिलांसाठी लहान चेंडू १९८४-८५ मध्ये आला. महिलांच्या खेळात तीन गुणांची रेषा १९८७-८८ मध्ये आली. म्हणजे त्यांचे ३,६४९ गुण हे दोन-दोन आणि एक-एक करून जमवलेले आहेत. फरकाचा हिशेब मांडायचाच असेल तर तो वुडार्ड यांच्या बाजूने झुकतो.

१२/ शिवाय तीच फूटपट्टी मॅराविचला लावून पाहावी. तो १९६७ ते १९७० या काळात तीनच हंगाम खेळला, कारण तेव्हा पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघात स्थान नसे. सामने ८३, तीन गुणांची रेषा नाही. क्लार्कला चार हंगाम मिळाले. हे फरक सर्वांना ठाऊक होते, ते सविस्तर चर्चिलेही गेले. परंतु म्हणून मॅराविचचा आकडा कोणी पुस्तकातून काढला नाही. त्याच्या काळाचा वेगळेपणा हा त्याच्या थोरवीचा पुरावा ठरला. वुडार्ड यांच्या काळाचा वेगळेपणा हे त्यांना वगळण्याचे निमित्त ठरले.

१३/ आणि तिसऱ्या विक्रमानंतरही यादी संपत नाही. दक्षिण कॅरोलायनातील पर्ल मूर यांनी १९७५ ते १९७९ या काळात ४,०६१ गुण केले. त्यांतील बहुतांश फ्रान्सिस मॅरियन या छोट्या महाविद्यालयाकडून. क्लार्कची कारकीर्द ३,९५१ गुणांवर थांबली. ‘सर्वकालीन सर्वाधिक’ हे शब्द ज्या हंगामात इतक्या वेळा उच्चारले गेले, त्या हंगामाच्या अखेरीसही मूर यांचा आकडा अबाधित होता. नेस्मिथ हॉल ऑफ फेममध्ये मूर यांचा प्रवेश झाला तो २०२१ मध्ये, खेळून चार दशके उलटल्यावर.

१४/ आता दुसरा समज : ‘महिलांचा खेळ पाहायला पूर्वी कोणी येत नसे, क्लार्कने लोक आणले.’ आयोवाच्या बाबतीत तरी हा समज इतिहासाला धरून नाही. या शेतीप्रधान राज्यात शाळकरी मुलींचे ‘सहा विरुद्ध सहा’ बास्केटबॉल १९९३ पर्यंत खेळले जात होते. प्रत्येक संघाच्या तिघी आक्रमणाच्या अर्ध्या भागात, तिघी बचावाच्या. मधली रेषा ओलांडायची नाही, दोनच ड्रिबल घ्यायचे. मुलींना पूर्ण मैदान झेपणार नाही, या समजुतीतून हा नियम आला होता. पण गावोगाव त्याच खेळाने वेड लावले.

१५/ १९६८ च्या राज्य अंतिम सामन्यात युनियन-व्हिटन शाळेने एव्हर्ली शाळेला जादा वेळेत ११३-१०७ असे हरवले. विजयी संघातील डेनिस लाँगने त्याच वर्षी एका सामन्यात १११ गुण केले होते. पुढल्या वर्षी सॅन फ्रान्सिस्को वॉरियर्स या व्यावसायिक पुरुष संघाने खेळाडूनिवडीत तिचे नाव पुकारले. संघटनेच्या आयुक्तांनी ती निवड रद्द केली.

१६/ महाविद्यालयीन पुरावा त्याहून थेट आहे. ३ फेब्रुवारी १९८५ : आयोवाच्या कार्व्हर-हॉकाय क्रीडागारात आयोवा विरुद्ध ओहायो स्टेट, महिलांचा सामना. प्रशिक्षक व्हिव्हियन स्ट्रिंगर यांच्या प्रयत्नांनी भरलेल्या त्या सामन्याला २२,१५७ प्रेक्षक आले. क्रीडागाराच्या क्षमतेपेक्षा कितीतरी हजारांनी अधिक. एकोणचाळीस वर्षांनी क्लार्कने मॅराविचला मागे टाकले ते याच क्रीडागारात, याच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध. म्हणजे प्रेक्षक १९८५ मध्येही होता. त्या प्रेक्षकाला हंगामामागून हंगाम हा खेळ घरबसल्या दाखवणारी व्यवस्था नव्हती.

१७/ व्यवस्था का नव्हती, याचे उत्तरही मोजणीतच आहे. २०२१ च्या राष्ट्रीय स्पर्धेत महिलांच्या व्यायामकक्षात डंबेल्सची एक छोटी मांडणी आणि पुरुषांसाठी सुसज्ज व्यायामशाळा, हे चित्र एका खेळाडूच्या चित्रफितीतून जगभर गेले. त्यानंतर नेमलेल्या चौकशीच्या अहवालातून कळले की महिला बास्केटबॉलचे प्रक्षेपणहक्क इतर अनेक खेळांच्या गाठोड्यात बांधून विकले जात होते. स्वतंत्रपणे विकल्यास २०२५ मध्ये त्यांचे वार्षिक मोल ८ कोटी १० लाख ते ११ कोटी २० लाख डॉलर असेल, असा अहवालाचा अंदाज होता. ‘मार्च मॅडनेस’ हे नाव महिलांच्या स्पर्धेसाठी वापरले जाऊ लागले तेही २०२२ पासून.

१८/ ७ एप्रिल २०२४, क्लीव्हलँड. अंतिम सामन्यात साउथ कॅरोलायनाने आयोवाला ८७-७५ असे हरवले. हा सामना दूरचित्रवाणीवर सरासरी सुमारे १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिला. पुरुषांचा अंतिम सामना सुमारे १ कोटी ४८ लाखांनी. महिलांच्या अंतिम सामन्याने पुरुषांच्या अंतिम सामन्याला मागे टाकण्याची ही पहिलीच वेळ.

१९/ यावर रास्त आक्षेप असा : ही गर्दी एका ताऱ्याची होती, तारा गेला, गर्दी गेली. २०२५ च्या अंतिम सामन्याला प्रेक्षक सुमारे ८५ लाख, म्हणजे निम्म्याहून कमी. आक्षेपात तथ्य आहे आणि ते नाकारण्यात हशील नाही. पण तुलना कशाशी करायची? क्लार्कच्या उदयापूर्वीच्या, २०२२ च्या, अंतिम सामन्याला सुमारे ४९ लाख प्रेक्षक होते. पूर ओसरला, नदीची पातळी पूर्वीपेक्षा वरच राहिली. पुरुषांच्या खेळातही प्रेक्षक ताऱ्यांमुळेच वाढत आला. तिथे त्या गर्दीला खेळाची लोकप्रियता म्हणतात. महिलांच्या खेळात मात्र तिला अपवाद म्हटले जाते.

२०/ जानेवारी २०२५ मध्ये एनसीएएने महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेतील विजयांसाठी कॉन्फरन्सना पैशाचा वाटा देण्याचे ठरवले. पुरुषांच्या स्पर्धेत ही पद्धत १९९१ पासून आहे. चौतीस वर्षे महिला संघाने जिंकलेला सामना त्याच्या कॉन्फरन्सच्या तिजोरीत एका डॉलरचीही भर टाकत नव्हता. मग विद्यापीठांनी महिला संघांवर खर्च करताना हात आखडता घेतला, तर नवल ते काय? विजयालाच मोल ठेवले नाही आणि पुन्हा ‘हा खेळ पैसे मिळवत नाही’ हा शेरा मारायला व्यवस्था मोकळी राहिली.

२१/ म्हणून २०२३-२४ च्या बिग टेन हंगामाकडे केवळ चमत्कार म्हणून पाहणे अन्यायाचे आहे. चमत्कार म्हटले की त्यापूर्वीची सर्व वर्षे आपोआप रिकामी ठरतात. ती रिकामी नव्हती. त्यांत वुडार्ड होत्या, मूर होत्या, १९८५ चे २२,१५७ प्रेक्षक होते, मधल्या रेषेपर्यंतच धावायची परवानगी असलेल्या आयोवातील शाळकरी मुली होत्या. क्लार्कची प्रतिभा तिची स्वतःची. पण ज्या जमिनीत ती रुजली, ती इतरांनी कसलेली होती.

२२/ मिनेसोटातील सामन्यानंतर आयोवाच्या प्रशिक्षक लिसा ब्लूडर यांनी खरा विक्रम आज मोडला, अशी जाहीर भूमिका घेतली. चार दिवसांनी, ३ मार्चला, लिनेट वुडार्ड स्वतः आयोवाच्या क्रीडागारात उपस्थित होत्या आणि भरल्या प्रेक्षागृहाने त्यांना मानवंदना दिली. विक्रम मोडला गेल्यामुळे तो कधीतरी केला गेला होता, हे पुष्कळांना प्रथमच कळले. त्या हंगामाची ही कमाई गुणतक्त्यात कुठेच दिसत नाही.

२३/ विक्रम मोडण्यासाठीच असतात. त्याचे दुःख कोणी करू नये. दुःख करावे ते न नोंदलेल्या विक्रमाचे, कारण तो मोडण्याचा मानही पुढच्या पिढीला मिळत नाही. पुढची क्लार्क येईल तेव्हा तिच्यासमोर एकच यादी असावी, आणि त्या यादीची सुरुवात मुली खेळू लागल्या तेव्हापासून व्हावी.

(धागा समाप्त)