डोलीचं कौतुक पुरे

शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत परदेशी पाहुणा आला की त्याला एक दिवस वेरूळ-अजिंठ्याला न्यायचं, हा शिरस्ताच आहे. पाहुणा व्हीलचेअरवर असला तर मात्र यजमानाची पंचाईत. ‘वारसास्थळ आहे हो, तिथे काही बदलता येत नाही,’ हे उत्तर तयारच असतं.

ते खोटं आहे. अजिंठ्यात आज आपण ज्या सलग वाटेने लेणी बघत जातो, ती भिक्षूंची वाट नव्हे. त्यांच्या काळी लेण्यांमधून वाघूर नदीकडे स्वतंत्र जिने उतरत. आजची सलग वाट आणि कठडे अलीकडचे, धडधाकटांसाठी केलेले. तेव्हा वारसा आडवा आला नाही. चाकांचा विषय निघाला की येतो! अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिसवर २०२० मध्ये तिरकी लिफ्ट बसवली. पार्थेनॉन जागच्या जागी आहे.

‘डोली आहे की,’ असंही म्हणतात. डोलीवाल्यांच्या कष्टाबद्दल आणि रोजीरोटीबद्दल आदरच आहे. पण चार माणसांच्या खांद्यावर बसून एखाद्या चित्रापुढे मनसोक्त रेंगाळता येतं का? आणि डोली अंध माणसाला काय दाखवणार?

‘असे लोक येतात तरी किती?’ हा तर कहर. येता येत नाही म्हणून येत नाहीत, आणि येत नाहीत म्हणून सोय होत नाही. शिवाय सोय फक्त व्हीलचेअरवाल्यांनाच लागते असं नाही: गुडघे गेलेल्या आज्या चैत्रात शेंद्र्याच्या मांगीरबाबाच्या यात्रेलाही असतातच. त्यांना कुठल्या रकान्यात बसवायचं?

करता येण्याजोगं पुष्कळ आहे. वेरूळच्या कैलास लेण्याचं अंगण बरंचसं सपाट आहे. पायरी असेल तिथे काढता-घालता येणारा लाकडी उतार पुरतो. वरच्या मंडपाचं चित्रण खाली पडद्यावर, सांकेतिक भाषेसह दाखवता येईल. फर्दापूरच्या अभ्यागत केंद्रासाठी अजिंठ्याच्या १, २, १६ आणि १७ क्रमांकांच्या लेण्यांच्या प्रतिकृती केल्या. तशाच हाताने चाचपता येतील अशा उठावाच्या प्रतिकृती अंधांसाठी का नकोत? मात्र ‘प्रतिकृती बघा आणि परत फिरा’ असं कुणाला सांगू नये.

ही मेहेरबानी नव्हे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला नियम आल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम २०१७ चे. मुदत २०२२ मध्येच संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सुगमतेचे किमान निकष बंधनकारक करा, असं केंद्राला बजावलं.

पण सोय नुसती कागदावर करून भागणार नाही. आपल्याकडचे रॅम्प ठाऊकच आहेत: घसरगुंडीसारखे उभे, तोंडाशी मोटारसायकल लावलेली. एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते, हे ठेकेदाराला कुणी सांगतच नाही. म्हणून व्हीलचेअर वापरणारी व्यक्ती स्वतः, कुणी न ढकलता, वर जाऊन खाली आल्याशिवाय रॅम्पचं बिल काढू नये.