स्वदेशी जाळ्याचा गाभा बस्तरजवळ का नको?

२७ सप्टेंबर २०२५ रोजी ओडिशातील झारसुगुडा येथे बीएसएनएलच्या स्वदेशी फोर-जी जाळ्याचे लोकार्पण झाले. सुमारे ३७ हजार कोटी रुपयांचा खर्च, ९७ हजार ५०० हून अधिक टॉवर, गाभ्याची प्रणाली सी-डॉटची, रेडिओ यंत्रणा तेजस नेटवर्क्सची आणि जुळणी टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची. हे यश खरे आहे, आणि त्याचे कौतुक कोत्या मनाने करण्याचे कारण नाही. पण त्या वार्तेतील एक वाक्प्रयोग आपण सर्वांनी फार सहज गिळला. हे जाळे ‘पूर्णपणे सॉफ्टवेअरवर चालणारे आणि क्लाउडवर आधारित’ आहे, असे सांगितले गेले. वृत्तपत्रांनी ते छापले, समाजमाध्यमांनी मिरवले. सॉफ्टवेअर चालणार ते कोठे, हे मात्र कोणी विचारले नाही. झारसुगुडा छत्तीसगडच्या सीमेला लागून आहे. निदान रायपूरकरांनी तरी हा प्रश्न विचारायला हवा होता.

प्रश्न समजण्यासाठी थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. मोबाइल जाळ्यात टॉवर हा केवळ दरवाजा असतो. ग्राहक कोण, त्याला सेवा द्यायची की नाही, त्याचा कॉल कोठे जोडायचा, डेटा कोणत्या वाटेने न्यायचा, हे सारे निर्णय गाभा, म्हणजे कोअर, घेतो. पूर्वी या प्रत्येक कामासाठी स्वतंत्र यंत्र असे. ते विशिष्ट कंपनीचे असे, महागडे असे आणि त्याच कंपनीचा अभियंता आल्याशिवाय दुरुस्त होत नसे. ऑक्टोबर २०१२ मध्ये जर्मनीतील डार्मस्टाट येथील परिषदेत जगातील १३ दूरसंचार कंपन्यांनी एक श्वेतपत्रिका मांडली. ही कामे यंत्रापासून सोडवून सॉफ्टवेअरच्या रूपात साध्या सर्व्हरवर चालवावीत, असे तिचे म्हणणे होते. यालाच नेटवर्क फंक्शन्स व्हर्च्युअलायझेशन किंवा एनएफव्ही म्हणतात. त्या १३ नावांत एकही भारतीय कंपनी नव्हती. तेरा वर्षांनी आपण त्या तत्त्वावर स्वतःचा गाभा उभा करतो, ही प्रगतीच आहे.

मात्र एनएफव्हीचा खरा लाभ कोणता, याविषयी आपल्याकडे मोठा गैरसमज रूढ झाला आहे. खर्च वाचतो, नवी सेवा लवकर सुरू होते, एवढेच सांगितले जाते. मूळ लाभ याहून मोठा आहे. काम आणि जागा यांची गाठ एनएफव्हीने सोडवली. जे काम पूर्वी महानगरातील वातानुकूलित दालनातच होऊ शके, ते आता जिल्ह्याच्या गावी दोन-तीन सर्व्हरवर होऊ शकते. सन २०१७ मध्ये थ्री-जीपीपी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने आपल्या चौदाव्या आवृत्तीत नियंत्रणाचे काम आणि डेटा वाहण्याचे काम वेगळे करण्याची सोय दिली, ती याच दिशेने. गाभा कोठे ठेवायचा हा त्यामुळे आता नाइलाजाचा विषय राहिलेला नाही. तो निवडीचा विषय आहे, आणि जेथे निवड असते तेथे जबाबदारीही असते.

ही निवड काय घडवू शकते, ते बस्तरच्या उदाहरणाने पाहू. रायपूरहून जगदलपूर सुमारे ३०० किलोमीटर. राष्ट्रीय महामार्ग ३० केशकाल घाट ओलांडून तेथे पोहोचतो. रस्तारुंदीत, पुराच्या पाण्यात, दरडीखाली ऑप्टिकल फायबर तुटते, हे भारतात कोणत्याही घाटाला नवे नाही. समजा, गाभा शेकडो किलोमीटर दूर आहे, फायबर तुटली आहे आणि पर्यायी वाट नाही. मग दंतेवाडा जिल्ह्यातील एखाद्या पाड्यावरच्या मितानीनने त्याच जिल्ह्यातील रुग्णालयाला लावलेला कॉलही जुळत नाही. दोन्ही टॉवर उभे आहेत, दोघांना वीज आहे, दोन्ही फोन सुस्थितीत आहेत, दोहोंमधले अंतर चाळीस किलोमीटर आहे. तरीही प्रसववेदनांनी तळमळणाऱ्या बाईची वार्ता पोहोचत नाही, कारण ती पोहोचवण्याची परवानगी देणारे सॉफ्टवेअर परप्रांतात बसले आहे.

तंत्रज्ञानाची ही अपरिहार्य मर्यादा आहे, असे कोणी म्हणेल तर ते खरे नव्हे. थ्री-जीपीपीच्या तेराव्या आवृत्तीतच याचे उत्तर आहे. मुख्य गाभ्याशी संपर्क तुटला तर टॉवरजवळच्या छोट्या स्थानिक गाभ्याने तेवढ्या परिसराची सेवा चालू ठेवावी, अशी ती व्यवस्था आहे. ती आपत्कालीन दलांसाठी आखलेली असली तरी तत्त्व सर्वांना लागू पडते. केवळ डेटाचा गाभा जवळ आणून भागत नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. फोर-जीवर बोलणे व्हायचे तर आवाजाचे कॉल जोडणारी प्रणाली आणि त्या भागातील ग्राहकांच्या नोंदींची सुरक्षित प्रतही तेथे लागते. यातले प्रत्येक काम आज सॉफ्टवेअर आहे. म्हणजेच ते जगदलपूरला नेता येते.

या संदर्भात सी-डॉटनेच आपला इतिहास आठवावा. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे पहिले मोठे कर्तृत्व म्हणजे ग्रामीण स्वयंचलित एक्सचेंज. जुलै १९८६ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे ते प्रथम सुरू झाले. धूळ, उष्मा आणि वातानुकूलनाचा अभाव गृहीत धरूनच त्याची रचना केली होती. अवघ्या १२८ जोडण्यांचे ते यंत्र, पण ते गावातच असे. शहराकडे जाणारी तार तुटली तरी गावातल्या गावात फोन लागे. आज त्याच संस्थेकडे त्याहून कितीतरी समर्थ आणि हलकी साधने आहेत. मग १९८६ च्या कित्तूरला जे मिळाले ते आजच्या सुकम्याला का मिळू नये?

गाभा एकवटण्याचे परिणाम संपन्न देशांनीही भोगले आहेत. जुलै २०२२ मध्ये जपानच्या केडीडीआय कंपनीत एका राउटरच्या देखभालीत चूक झाली. फोनांनी पुन्हा पुन्हा नोंदणी मागण्याचा लोंढा लोटला आणि साठ तासांहून अधिक काळ कोट्यवधी ग्राहकांची सेवा विस्कळीत राहिली. त्याच महिन्यात कॅनडातील रॉजर्स कंपनीचा गाभा कोसळला. एक कोटीहून अधिक ग्राहकांचे मोबाइल आणि इंटरनेट एकदम बंद पडले, डेबिट कार्डांचे व्यवहार अडले, अनेकांना आपत्कालीन क्रमांकही लागेना. या दुर्घटनांचे खापर एनएफव्हीवर फोडणे अन्यायाचे ठरेल, कारण चुका राउटरच्या मांडणीत होत्या. पण सगळी मदार एकाच गाभ्यावर ठेवली की एका चुकीची झळ किती दूर पोहोचते, हे त्यातून दिसते. वाटून देण्याचे साधन हाती असताना सारे एका जागी रचून ठेवणे याला दूरदृष्टी म्हणता येणार नाही.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप सुरक्षेचा. बस्तरसारख्या भागात ग्राहकांच्या नोंदी ठेवणे धोक्याचे, असे म्हटले जाईल. नोंदी सांकेतिक रूपात ठेवता येतात आणि केवळ त्या परिसरापुरत्या मर्यादित करता येतात. शिवाय जगदलपूर हे विभागीय मुख्यालय आहे, रानातला एकाकी टॉवर नव्हे. दुसरा आक्षेप खर्चाचा. नक्षलग्रस्त भागातील २ हजार ३४३ टॉवर टू-जीवरून फोर-जीवर नेण्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने २७ एप्रिल २०२२ रोजी सुमारे २ हजार ४२६ कोटी रुपये मंजूर केले. इतका खर्च केलेले टॉवर एका तुटलेल्या तारेने मुके होत असतील, तर वाचवलेल्या सर्व्हरची बचत कोणत्या हिशेबात धरायची? तिसरा आक्षेप कुशल मनुष्यबळाचा. रायपुरात एनआयटी आहे, नवा रायपुरात ट्रिपल-आयटी आहे. मे २०२५ मध्ये तेथेच कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीच्या डेटा सेंटर पार्कचे भूमिपूजन झाले. ज्या शहराला देशाच्या कृत्रिम बुद्धिमत्तेचा भार पेलेल असे मानले जाते, त्याला स्वतःच्या राज्याचे फोन पेलणार नाहीत, हे कोणाला पटावे?

अडचण तंत्राची कमी आणि दृष्टीची अधिक आहे. छत्तीसगडचा कारभार १९५६ पर्यंत नागपुरातून चाले, पुढे भोपाळमधून. निर्णयासाठी दूर जावे लागू नये, म्हणून १ नोव्हेंबर २००० रोजी वेगळे राज्य झाले. बीएसएनएलने स्वतःचे छत्तीसगड परिमंडळही केले. पण दूरसंचार परवान्यांच्या नकाशात हे राज्य आजही ‘मध्य प्रदेश’ सेवाक्षेत्रात गणले जाते. ट्रायच्या मासिक ग्राहकसंख्येत त्याची वेगळी ओळ नसते. ज्याची वेगळी गणना होत नाही, त्याची वेगळी गरज योजनाकारांच्या डोळ्यांपुढे येणार कशी? ट्रायच्या २०२४ च्या नियमांनी जिल्हापातळीवर सेवा चार तासांहून अधिक काळ बंद राहिल्यास कळवणे कंपन्यांना बंधनकारक केले, हे स्वागतार्ह आहे. परंतु त्यातून घडलेला बिघाड कळतो. तो सहन करण्याची तजवीज मुळात होती की नाही, हे कळत नाही.

म्हणून वाचकहो, विशेषतः छत्तीसगडमधील मराठी बांधवहो, टाळ्या जरूर वाजवा, पण सोबत एक अर्जही करा. बीएसएनएल सार्वजनिक उपक्रम आहे आणि माहितीचा अधिकार तिला लागू आहे. तीन प्रश्न पुरेत. छत्तीसगडच्या ग्राहकांसाठी गाभ्याची कोणती कामे राज्याच्या हद्दीत चालतात? जगदलपूर आणि अंबिकापूर यांचा रायपूरशी संपर्क तुटल्यास तेथील स्थानिक कॉल चालू राहतात काय? तशी चाचणी शेवटची कधी घेतली? उत्तरे समाधानकारक असतील तर ती अभिमानाने प्रसिद्ध व्हावीत. नसतील, तर जगदलपुरात स्थानिक गाभ्याची तरतूद डिजिटल भारत निधीतून करावी, अशी मागणी आपल्या खासदारांकडे लेखी नोंदवा. हा निधी जेथे बाजार पोहोचत नाही तेथे सेवा पोहोचवण्यासाठीच उभारलेला आहे.