तोल परत मिळवताना

पक्षाघातातून वाचलेला माणूस घरी येतो आणि मुलुंड-घाटकोपरच्या चाळीचा जिना समोर उभा राहतो. शरीराचा भार नकळत धडधाकट पायावरच जातो. तो मोजणारं प्रयोगशाळेतलं यंत्र लाखो रुपयांचं. २००७ साली खेळासाठी आलेल्या निन्टेंडोच्या बॅलन्स बोर्डात मात्र चार भारमापक होते. त्याची मापं महागड्या यंत्राशी चांगली जुळतात, हे २०१० मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी दाखवलं. या फळीवर उभं राहून भार सरकवत पडद्यावरचा ठिपका मध्यावर आणायचा, असा तोल सुधारण्याचा सराव. शेजारी फिजिओथेरपिस्ट मात्र हवाच! पवईच्या आयआयटीत २०१४ पासून ‘बेटिक’ केंद्र वैद्यकीय उपकरणं घडवतंय. अशी स्वस्त फळी इथेच बनावी आणि पालिकेच्या प्रत्येक उपनगरी रुग्णालयात पोचावी, ही आमची आग्रहाची मागणी आहे.