राखुंडी, पऱ्हाटी आणि ७ मिलीमीटरचे कडे

आमच्या लहानपणी घरोघरी दात घासण्याची राखुंडी होत असे. ती करणाऱ्या आजीला रसायनशास्त्राचा गंध नव्हता. तथापि बदामाची टरफले लाल फुलली की नेमक्या क्षणी त्यांवर पातेले उपडे घालावे, कडेने ओली माती लिंपावी, म्हणजे आत वारा शिरत नाही आणि टरफलांची राख न होता कोळसा होतो, हे मर्म तिला पक्के ठाऊक होते. पातेले घालण्यास घटकाभर उशीर झाला की हाती नुसती पांढरी भुकटी येई. वनस्पतींच्या अवशेषांपासून सच्छिद्र कार्बन सिद्ध करून त्याच्याकरवी सूक्ष्मलहरी शोषून घेण्याचा जो उद्योग आज देशोदेशींच्या प्रयोगशाळांत चालला आहे, त्याचा पूर्वार्ध या पातेल्याहून फारसा निराळा नाही. पातेल्याच्या जागी नायट्रोजन वायू खेळविलेली भट्टी आली आणि उष्णतामान ६०० ते ९०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान हवे तेथे धरता येऊ लागले, इतकाच काय तो भेद.

उत्तरार्ध मात्र खरोखर मनोवेधक आहे. रडार, मोबाइलचे मनोरे, वायफाय, घरातील मायक्रोवेव्हची भट्टी ही सारी ज्या लहरींवर चालतात, त्या धातूच्या पत्र्यावर आपटल्या की चेंडूसारख्या परततात आणि शेजारच्या यंत्राच्या कामात नसती लुडबूड करतात. त्यांना जिरवावयाचे तर पृष्ठभागाने त्यांना आधी आत येऊ दिले पाहिजे आणि मग आतल्या आत त्यांची शक्ती उष्णतेत खर्ची घातली पाहिजे. भरीव, विद्युद्वाहक कार्बन त्यांना दारातूनच परत पाठवितो. परंतु त्याच कार्बनाच्या अंगी अगणित छिद्रे असली आणि छिद्रांत हवा असली, तर बाहेरची हवा व तो पदार्थ यांतील परकेपणा कमी होऊन लहर सहज आत शिरते. येथे भट्टीचा ताव म्हणजे साखरेचा पाक आहे. कच्चा राहिला तर लहर आरपार निघून जाते, फार पुढे गेला तर कार्बन धातूसारखा वागू लागून तिला परतवितो. मधली तार साधली तरच काम होते. (सूक्ष्मलहरी आणि वनस्पतींचा तंतू यांची आपल्या देशातील ओळख जुनी आहे. जगदीशचंद्र बसूंनी १८९८ साली पिळलेल्या तागाच्या जुड्यांतून अशा लहरी पाठवून त्यांच्या कंपनाची पातळी फिरते, हे दाखविले होते.)

एवढे कौतुक केल्यावर तक्रारही नोंदविली पाहिजे. या विषयावरील निबंध वाचू लागावे तो प्रत्येकाचा डोळा डेसिबलच्या आकड्यावर. उणे १० डेसिबल म्हणजे लहरीचा नऊ-दशांश भाग जिरला, उणे २० म्हणजे शंभरातला एकच उरला, आणि उणे ६० म्हणजे दहा लाखांत एक. नव्याण्णव टक्के जिरल्यावर उरल्यासुरल्याचा पाठलाग करण्यात व्यवहाराचा लाभ थोडा. थर किती पातळ, किती हलका आणि लहरींच्या किती रुंद पट्ट्यात तो उपयोगी पडतो, हे प्रश्न अधिक मोलाचे. शिवाय हा आकडा बहुधा प्रत्यक्ष मोजलेला नसतोच. कार्बनाची पूड मेणात कालवून तिचे ७ मिलीमीटर व्यासाचे कडे दाबून काढतात, त्याचे विद्युद्गुण मोजतात आणि मागे धातूचा पत्रा आहे असे गृहीत धरून, हवी ती जाडी घालून, परावर्तनाचे गणित कागदावर मांडतात. आणि छिद्राछिद्रांत लहर आपटून आपटून थकते, असे जे वर्णन हटकून आढळते त्यावर तर माझा विश्वासच बसत नाही. कारण १० गिगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी ३ सेंटीमीटर, आणि ती छिद्रे तिच्या सहस्रांशाहूनही लहान. एक ग्रॅम उत्तम सक्रिय कार्बनाच्या अंगी १००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दहा गुंठे, पृष्ठभाग असतो हे खरे. पण या दहा गुंठ्यांत लहर शोषण्याचे पीक त्याच मानाने येते, असे नव्हे.

माझे म्हणणे असे आहे की या कड्यापासून शेतातल्या ढिगापर्यंत जो मुलूख पसरला आहे, त्याचा जमाखर्च कोणाच्याच दप्तरी नाही. विदर्भात कापसाचा हंगाम संपला की पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची उरलेली झाडे, उपटून धुऱ्यावर रचतात आणि पुष्कळदा काडी लावून मोकळे होतात. गुलाबी बोंडअळीच्या भयाने शेत लवकर मोकळे करणे भागही असते. तिला कचरा म्हणणे मात्र अन्यायाचे, कारण तीच चुलीत जाते, तिचेच कुंपण होते, तिच्याच कुडावर शेणमाती लिंपून भिंत उभी राहते. १९२४ साली माटुंग्यास स्थापन झालेल्या कापूस प्रौद्योगिकीच्या संस्थेने याच पऱ्हाटीपासून फळ्या बनविण्याचे तंत्र सिद्ध केल्यालाही आता वर्षे लोटली, आणि तरी धुऱ्यावरचा धूर थांबलेला नाही. कारण अडचण तंत्राची नव्हती, हलक्या व फोफशा मालाच्या वाहतुकीची होती. १९१८ साली अमेरिकेने विषारी वायूपासून बचावाच्या मुखवट्यांसाठी फळांच्या कोयी व कठीण टरफले लोकांकडून गोळा केली, तेव्हा कोळसा करण्याची कृती जितकी महत्त्वाची ठरली तितकीच गावोगावची संकलनाची तजवीजही.

तेव्हा सरकारास किंवा विद्यापीठांस नव्या प्रकल्पास तरतूद करावयाची असेल, तर आणखी एका भट्टीआधी ढिगाची प्रतवारी ठरवावी. कपाशीच्या दोन वाणांची, काळ्या व मुरमाड जमिनीतली, फेब्रुवारीत व मे महिन्यात उचललेली पऱ्हाटी एकच कार्बन देत नाही. ओलावा, राखेचे प्रमाण, कांडाची जाडी यांचे मोजमाप ज्याच्यापाशी नाही त्या कारखानदाराचा आजचा माल उद्याच्या मालाशी जुळणार नाही. दुसरी बाब धुण्याची. छिद्रे पाडण्यासाठी कोळशाच्या दुप्पट-चौपट दाहक पोटॅश घालण्याचा जो शिरस्ता पडला आहे, त्यात शेवटी आम्लाने व पुष्कळ पाण्याने तो कार्बन धुवावा लागतो. ते पाणी यवतमाळच्या उन्हाळ्यात आणावयाचे कोठून आणि क्षारयुक्त झाल्यावर सोडावयाचे कोठे, याची कैफियत निबंधाच्या अखेरीस एका परिच्छेदात तरी यावी. वाफेने छिद्रे पाडण्याची जुनी रीत आकड्यांत मागे पडते खरी, पण माझा कौल तिलाच आहे. कारण ज्या कक्षांत यंत्रांची विद्युत्‌चुंबकीय चाचणी होते, त्यांच्या भिंतींवरील फेसाचे निळे सुळके कार्बनच पाजून केलेले असतात. तेथे सर्वोच्च आकडा लागत नाही, सारखा आणि स्वस्त माल लागतो.

गेल्या माघात एका शेताच्या धुऱ्यावर उभा राहून मी हे सारे एका वृद्ध शेतकऱ्यास मोठ्या उत्साहाने सांगितले. त्यांनी चिमट्याने उपटलेले एक झाड हाती घेतले, मुळाला चिकटलेली माती दगडावर झटकली आणि शांतपणे विचारले, "साहेब, ओली घेता की वाळलेली? आन् मुळासकट, की मुळं तोडून?" माझ्या टिपणवहीत चाळीस निबंधांचा सारांश होता. या दोन प्रश्नांचे उत्तर त्यात नव्हते.