‘तिच्या अंगात रक्तच नव्हतं’ हे उत्तर चालणार नाही

रक्तस्रावाने बाळंतीण दगावली की ठरलेलं उत्तर मिळतं, "तिच्या अंगात रक्तच कमी होतं." म्हणजे दोष पुन्हा तिचा, तिच्या गरिबीचा!

मित्रांनो, बाळ जन्मल्यापासून वार पडेपर्यंतचा काळ हा प्रसूतीचा तिसरा टप्पा. जागतिक आरोग्य संघटना सांगते, बाळ जन्मताच प्रत्येक आईला ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन द्या. नंतर गर्भाशय आवळलं का, ते तपासत राहा. अंगात रक्त कमी असलेल्या बाईला थोडाही रक्तस्राव झेपत नाही. मग तिच्यासाठी तर ही काळजी दुप्पट हवी. ज्या कारणाआड व्यवस्था लपते, तेच तिच्यावरचं आरोपपत्र आहे.

१९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाळंतिणीची काळजी हा राष्ट्रहिताचा प्रश्न मानला. आपण तो नशिबावर सोडायचा?

गगनबावडा, शाहूवाडीच्या आरोग्य केंद्रांत जा. विचारा : प्रसूती करणाऱ्या नर्सताईंना शेवटचं प्रशिक्षण कधी दिलं? इंजेक्शन २ ते ८ अंशांत ठेवलं जातं का? वीज गेली तर काय? जाब ताईंना नको, त्यांना न शिकवणाऱ्या सरकारला विचारा.

जय भीम!