तुटत्या ताऱ्याच्या हाती निरोप

तारा तुटताना दिसला की मनात इच्छा धरावी, असे आपल्याकडे म्हणतात. ती पुरी होते की नाही, हे ज्याचे त्याला ठाऊक. पण तुटत्या ताऱ्याच्या हाती निरोप देऊन तो हजार-दीड हजार किलोमीटरवर पोहोचवणारी माणसे या जगात खरोखरच आहेत. हौशी रेडिओचा छंद जोपासणाऱ्या या मंडळींना ‘हॅम’ म्हणतात.

तुटणारा तारा म्हणजे बहुधा वाळूच्या कणाएवढी उल्का. सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने ती वातावरणात शिरते आणि जमिनीपासून सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर जळून जाते. जाताना मागे विद्युतभारित कणांचा लांबट पट्टा सोडते. ५० किंवा १४४ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरी एरवी सरळ अवकाशात निघून जातात. या पट्ट्यावर आपटल्या, तर मात्र त्या परावर्तित होऊन दूरवर जमिनीवर येतात. अडचण एवढीच, की हा आरसा बहुतेक वेळा सेकंदाचा काही दशांश भागच टिकतो. एवढ्या अवधीत बोलायचे काय आणि ऐकायचे काय?

१९५० च्या दशकात अमेरिकेतील हौशी मंडळींनी हे आव्हान स्वीकारले. पुढे एक युक्ती रूढ झाली. मोर्सचा संदेश भरधाव वेगाने पाठवायचा, ऐकणाऱ्याने तो टेपवर घ्यायचा आणि मग टेप संथ फिरवून त्याची उकल करायची. २००१ मध्ये संगणक मदतीला आला, तो जो टेलर यांच्यामुळे. जोडीने फिरणाऱ्या स्पंदक ताऱ्याच्या १९७४ मधील शोधाबद्दल रसेल हल्स यांच्यासह १९९३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवलेले हे शास्त्रज्ञ लहानपणापासूनचे हॅम. आपल्या नारायणगावजवळची खोडदची महाकाय दुर्बीण ज्या स्पंदकांचा वेध घेते, त्याच जातीच्या ताऱ्यांचे क्षीण ठोके गोंगाटातून निवडण्यात त्यांची हयात गेली. तीच विद्या त्यांनी छंदासाठी राबवली आणि तयार झालेली संगणकप्रणाली सर्वांना विनामूल्य दिली. तिच्यात २०१६ मध्ये आलेल्या एमएसके-१४४ या पद्धतीत पुरा संदेश ७२ मिलिसेकंदांत मावतो. एक केंद्र पंधरा सेकंद तोच संदेश पुनःपुन्हा पाठवते, दुसरे ऐकते. मग पाळी बदलते. मध्येच एखादी उल्का जळली, की एक अक्षरओळ पडद्यावर उमटते.

आणि या संदेशात असते काय? दोघांची संकेतनामे, एक आकडा आणि ‘पोहोचले’ अशी पावती. बस्स! एवढ्यासाठी कधी पाच मिनिटे, कधी तासभर बसायचे. साहजिकच जुने जाणते विचारतात, की सारे संगणकच करतो, मग माणसाचे कसब उरले कुठे? कानाने मोर्स टिपणाऱ्यांचा हा प्रश्न उडवून लावण्याजोगा नाही. एक कला मागे पडली, हे मान्यच करायला हवे.

परंतु या छंदाचा कणा कानात नव्हता, तो सचोटीत होता. युरोपातील हौशी मंडळींचा नियम पाहा. संपर्क पुरा झाला असे म्हणायचे, तर दोन्ही संकेतनामे, आकडा आणि पावती ही दोन्हीकडे रेडिओवरूनच पोहोचली पाहिजेत. मधल्या वेळात दूरध्वनीने किंवा इंटरनेटवरून ‘तुझे अर्धे नाव मिळाले’ असे कळवले, तर तो संपर्क बाद! कोणी पहारा देत नाही, बक्षीस म्हणावे असे काही नाही. शेवटची पावती आली नाही, तर तासाभराची मेहनत वहीत लिहायची नाही, एवढेच. संगणक अक्षरे ओळखून देईल. वहीत काय लिहायचे, हे मात्र माणसालाच ठरवावे लागते. ऐकलेले आणि ऐकले असावे असे वाटलेले, यांतला फरक मुलांना शिकवणारी याहून चांगली शाळा कोणती?

त्यासाठी उल्कावर्षावाचीच वाट पाहायला हवी असेही नाही. भटक्या उल्का रोजच येतात, पहाटे अधिक. धावत्या एसटीच्या पुढच्या काचेवर पावसाचे थेंब जास्त आपटतात ना, तसेच हे. पहाटे आपण पृथ्वीच्या पुढच्या अंगाला असतो. शिवाय ढगांची अडचण नाही. ऑगस्टमधला ययाती तारकासमूहातला उल्कावर्षाव महाराष्ट्रात बहुधा पावसाळी आभाळाआड जातो. रेडिओला त्याचे सोयरसुतक नसते. प्रक्षेपणासाठी परीक्षा देऊन सरकारी परवाना घ्यावा लागतो, आणि ती परीक्षा अभ्यास करणाऱ्याला अवघड नाही.

घरातल्या एखाद्या मुलाने वा मुलीने असा हट्ट धरला, तर ‘यातून मिळणार काय’ असे विचारू नये. मिळेल ती एक ओळ, आणि ती खरी असल्याची खात्री.